रोमनांचा ‘जर्मानिया’ आणि जर्मानिक लोकांची मूळभूमी : दोन्ही एकच का?

बोडीकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी चंद्रपूर जिल्ह्याच्या धानपट्ट्यातील एका लहान गावी राहतो. धानाचे चुरणे आटोपले की आमच्या वाचनालयात दर शनिवारी संध्याकाळी आठ-दहा जण जमतात आणि आपण वाचलेल्या एखाद्या विषयावर एकेकाने बोलायचे असा रिवाज पडला आहे. येत्या खेपेस माझी पाळी असून रोमन लेखकांनी पाहिलेली जर्मानिक लोकांची (आजच्या जर्मन, इंग्रजी, डॅनिश वगैरे भाषा ज्यांच्या भाषेतून निघाल्या त्यांची) भूमी हा विषय मी घेतला आहे. टॅसिटस या रोमन इतिहासकाराने इ.स. ९८ च्या सुमारास लिहिलेला ‘जर्मानिया’ हा ग्रंथ मी इंग्रजी भाषांतरातून पूर्ण वाचला. तो अवघ्या ४६ लहान प्रकरणांचा असल्यामुळे दोन रात्रींत संपला, पण अडचणी तिथूनच सुरू झाल्या.

पहिली अडचण अशी की हे लोक त्याच भूमीतले, बाहेरून न आलेले, असे टॅसिटस म्हणतो. त्याचा युक्तिवाद मोठा गमतीचा आहे : आशिया, आफ्रिका किंवा इटली सोडून, ओबडधोबड जमिनीच्या आणि कडक हवेच्या या प्रदेशात, तो स्वतःचा मुलूख असल्याखेरीज कोण कशाला जाईल? त्याच्यानंतर साडेचारशे वर्षांनी, ५५१ च्या सुमारास, जॉर्डेनिस हा इतिहासकार मात्र गॉथ या जर्मानिक लोकांना उत्तरेच्या ‘स्कांझा’ बेटावरून, म्हणजे स्कँडिनेव्हियातून, आणतो आणि त्या बेटाला राष्ट्रांची कूस म्हणतो. दोघांपैकी कोणाचे ऐकायचे?

दुसरी अडचण सीमेची आहे. ‘जर्मानिया’ म्हणजे नेमका कोणता मुलूख, आणि जे लोक त्याला आपली भूमी मानत होते त्यांना तरी हे नाव ठाऊक होते का? तिसरी शंका थोडी आडवळणाची आहे. आमच्या जंगलपट्टीविषयी इंग्रज अधिकाऱ्यांनी केलेल्या जुन्या नोंदी मी वाचलेल्या आहेत, त्यामुळे जंगल, दलदल, आळशी पुरुष, जुगार आणि मद्य हे टॅसिटसमधील शब्द वाचताना मला वारंवार ओळखीचे काहीतरी भेटल्यासारखे वाटले. बाहेरच्या माणसाने केलेल्या वर्णनावर किती भिस्त ठेवावी, हे जाणकारांनी सांगावे.

पैनगंगातीर

बोडीकाठ, मी यवतमाळ जिल्ह्यात तीस वर्षे इतिहास शिकवला आणि आता निवृत्त आहे, तेव्हा सीमेच्या प्रश्नापासून आरंभ करतो, कारण बाकीचे दोन्ही प्रश्न त्यातच गुंतलेले आहेत.

‘जर्मानिया’ला सीमा आखून देणारा पहिला मोठा लेखक ज्यूलियस सीझर. इ.स.पू. ५८ ते ५० या काळात त्याने गॉल, म्हणजे आजचा फ्रान्स आणि आसपासचा प्रदेश, जिंकला आणि आपल्या वृत्तांतात ऱ्हाइन नदीच्या अलीकडे गॉल, पलीकडे जर्मन अशी सरळ फाळणी केली. इ.स.पू. ५५ मध्ये त्याने त्या नदीवर दहा दिवसांत लाकडी पूल बांधला, पलीकडे अठरा दिवस राहून काही गावे जाळली, पिके कापली, आणि परत येऊन पूल स्वतःच तोडून टाकला. दोन वर्षांनी तो पुन्हा पलीकडे गेला आणि याही वेळी फार काळ थांबला नाही. आता विचार करा, की नदी ही सीमा ठरली तर सीझरचे काम नदीपाशी पूर्ण झाले असे रोममध्ये सांगता येते. त्यापलीकडचे लोक शेतीची आवड नसलेले, सतत हलणारे आणि जिंकण्यास न परवडणारे आहेत असे लिहिले की परतीचे कारणही आपोआप तयार होते. गंमत म्हणजे ऱ्हाइनच्या अलीकडेही काही जर्मन टोळ्या राहतात हे त्याच सीझरने त्याच ग्रंथात नोंदवले आहे.

त्याचे भूवर्णन वाचताना जरा सावध राहावे. हर्सिनियन अरण्य रुंदीला ओझ्याविना चालणाऱ्याच्या नऊ दिवसांच्या वाटचालीचे आहे, आणि साठ दिवस चालूनही त्याचा पूर्वेकडील शेवट कोणी पाहिलेला नाही, असे तो सांगतो. तिथे गुडघ्यांचे सांधे नसलेला एक मोठा सांबरासारखा प्राणी राहतो, तो झोपण्यासाठी झाडाला टेकतो, म्हणून शिकारी ती झाडे मुळाशी अर्धवट कापून ठेवतात आणि प्राणी टेकला की झाडासकट आडवा होतो, असेही त्यात आहे. तुमच्या भागातील जुन्या शिकाऱ्यांना ही हकीकत वाचून दाखवा, शनिवारची बैठक आपोआप रंगेल.

टॅसिटसची सीमा अधिक तपशीलवार आहे. ऱ्हाइन आणि डॅन्यूब या दोन नद्या जर्मानियाला गॉल आणि डॅन्यूबच्या दक्षिणेकडील रेशिया व पॅनोनिया या प्रांतांपासून वेगळे करतात. पूर्वेकडील सार्मेशियन आणि डेशियन लोकांच्या बाजूला डोंगर, किंवा डोंगर नसतील तिथे ‘परस्परांची भीती’ ही सीमा. आणि उरलेल्या बाजूने महासागर. भीतीला सीमा म्हणणारा दुसरा भूगोलकार माझ्या वाचनात नाही. दुसऱ्या शतकात टॉलेमी या भूगोलकाराने पूर्वेला व्हिस्टुला नदी (आजच्या पोलंडमधील) धरली. यात एक घोटाळा नेहमी होतो, तो टाळा : ऱ्हाइनच्या अलीकडील पट्ट्यात रोमनांनी इ.स. ८५ च्या सुमारास ‘जर्मानिया’ याच नावाचे खालचा आणि वरचा असे दोन प्रांत केले. त्यांची मुख्य ठाणी म्हणजे आजची कोलोन आणि माइंत्स ही शहरे. टॅसिटस ज्याचे वर्णन करतो तो मुलूख त्यांच्या पलीकडचा, कधीही प्रांत म्हणून स्थिरावू न शकलेला आहे.

नावाविषयी तर टॅसिटसनेच कबुली दिली आहे. ‘जर्मानिया’ हे नाव नवे, अलीकडे जोडलेले. ऱ्हाइन ओलांडून प्रथम गॉलमध्ये शिरलेल्या एका टोळीचे हे नाव, जिला पुढे तुंग्री म्हणू लागले, आणि ते हळूहळू सर्वांना लागू झाले, असे तो म्हणतो. चेरुस्की, ब्रुक्तेरी, चौकी आणि सुएबी हे लोक मात्र आपापल्या टोळीचे नाव सांगत असत.

दगडी वर्तुळ

गुरुजींनी रोमनांची बाजू मांडली. मी नागपूरला पुरातत्त्वाचा अभ्यास केला असल्यामुळे जमिनीखालची बाजू मांडते.

टॅसिटस आणि जॉर्डेनिस यांच्यात निवड करण्याची गरज नाही, कारण मूळभूमीच्या प्रश्नावर दोघेही साक्षीदार म्हणून उभे राहू शकत नाहीत. टॅसिटस स्वतः ऱ्हाइनपलीकडे गेल्याचा कोणताही पुरावा नाही. त्याचा युक्तिवाद अज्ञानावर उभा आहे : स्थलांतर पूर्वी जहाजांनी होत असे, त्या महासागरात आपली जहाजे क्वचितच जातात, म्हणून कोणी आले नसणार. जॉर्डेनिस तर घटनांपासून कितीतरी शतके दूर होता.

हा प्रश्न आज भाषा आणि उत्खनन यांच्या आधारे सोडवला जातो. संस्कृत, लॅटिन आणि जर्मानिक भाषा एकाच कुळातील, पण जर्मानिक शाखेत काही व्यंजने ठरावीक रीतीने बदलली : प चा फ, त चा थ, क चा ह. रास्क आणि याकोब ग्रिम या भाषाभ्यासकांनी हा नियम १८१८ ते १८२२ या काळात मांडला. संस्कृत ‘पितृ’, लॅटिन ‘पातेर’, पण इंग्रजी ‘फादर’. संस्कृत ‘त्रि’, पण इंग्रजी ‘थ्री’. आपल्याला सर्वात जवळचे उदाहरण ‘पशु’ या शब्दाचे आहे. लॅटिनमध्ये तो ‘पेकुस’, म्हणजे गुरेढोरे, आणि त्यावरूनच ‘पेकुनिया’, म्हणजे पैसा; जर्मनमध्ये तोच शब्द ‘फी’ झाला, म्हणजे पुन्हा गुरेढोरे. गुरे हीच त्या लोकांची एकमेव आणि आवडती संपत्ती असल्याचे टॅसिटस लिहितो. आपल्याकडील ‘गोधन’ हा शब्द त्याला कोणी सांगितला असता तर त्याला तो लगेच समजला असता.

हे बदल जिथे घडले तो प्रदेश बहुतेक अभ्यासक दक्षिण स्कँडिनेव्हिया, जटलंडचे द्वीपकल्प (डेन्मार्कचा मुख्य भूभाग) आणि उत्तर जर्मनीचा सपाट पट्टा असा धरतात. या पट्ट्याच्या दक्षिण भागात इ.स.पू. सहाव्या शतकापासून ‘यास्टोर्फ’ नावाची लोहयुगीन संस्कृती दिसते, जिच्यात दहनानंतरच्या अस्थी मातीच्या कुंभात पुरलेल्या आढळतात. म्हणजे मूळभूमी हा रोमनांच्या विशाल ‘जर्मानिया’चा उत्तरेकडील एक भाग, आणि समुद्रापलीकडचा काही प्रदेश. दक्षिण जर्मनीत, डॅन्यूबकाठी, त्याच काळात केल्टिक लोकांची (गॉलमधील लोकही याच भाषाकुळातले) मान्खिंगसारखी तटबंदीची मोठी वसाहत होती, आणि ऱ्हाइनच्या दोन्ही काठांवर तीच केल्टिक धाटणीची भांडी आणि दागिने मिळतात. नदी ही लोकांना वेगळे करणारी रेघ नव्हतीच. मात्र मडकी बोलत नाहीत. अमुक धाटणीचा कुंभ पुरणारा माणूस अमुक भाषा बोलत होता हे अनुमान आहे, आणि ते अनुमान म्हणूनच सांगावे.

आपल्या विदर्भाचीही स्थिती अशीच आहे. जुनापाणी, माहुरझरी आणि नायकुंड येथील दगडी वर्तुळांखाली लोखंडाची हत्यारे आणि घोड्यांची दफने मिळाली, नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली. हे लोक यास्टोर्फवाल्यांचे साधारण समकालीन होते, पण ते स्वतःला काय म्हणवत होते हे कोणत्याही दगडावर लिहिलेले नाही. आपल्याला तर एखादा टॅसिटसही लाभला नाही.

पांढरे सोने

मी कापसाचा शेतकरी आहे, इतिहासाचा नाही, पण ही चर्चा मन लावून वाचतो आहे. एक शंका विचारतो. गुरे हीच संपत्ती होती तर ती हिवाळ्यात ठेवत कुठे? तिकडे बर्फ पडतो. आमच्याकडे गोठा वाड्याच्या मागे असतो आणि पावसाळ्यात त्याचीच चिंता अर्धा जीव खाते.

दगडी वर्तुळ

भाऊ, तुमच्या शंकेत बोडीकाठ यांच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

थोरला प्लिनी हा टॅसिटसच्या आधीचा लेखक. तो ऱ्हाइनवरील सैन्यात अधिकारी होता, आणि उत्तर समुद्राकाठी राहणारे चौकी लोक आपण पाहिले असे तो सांगतो. दिवसातून दोन वेळा भरती येऊन जमीन पाण्याखाली जाते, त्यामुळे हे लोक हातांनी रचलेल्या मातीच्या उंचवट्यांवर झोपड्या बांधतात. भरतीच्या वेळी ते नावाड्यांसारखे दिसतात आणि ओहोटीत जहाज फुटलेल्यांसारखे. हातांनी काढलेला चिखल ते उन्हापेक्षा वाऱ्यावर अधिक वाळवतात आणि त्यावर अन्न शिजवतात (हे दलदलीतील पीट, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींचा जळण म्हणून वापरता येणारा थर, असावे), पावसाचे पाणी अंगणातील खड्ड्यात साठवून पितात. त्यांच्यापाशी गुरे नाहीत आणि शेजाऱ्यांप्रमाणे त्यांना दूधही मिळत नाही, असे तो ठामपणे लिहितो, आणि एवढे असून आम्ही जिंकले तर याला हे लोक गुलामी म्हणतात, असा शेराही मारतो.

आता उत्खनन पाहा. याच चौकी लोकांच्या किनाऱ्यावर फेडरसन व्हीर्ड नावाचा असाच एक उंचवटा आहे, ज्याचे १९५५ ते १९६३ या काळात उत्खनन झाले. तिथे लांबच लांब लाकडी घरे मिळाली. प्रत्येक घराच्या एका टोकाला चूल आणि माणसांची जागा, आणि त्याच छपराखाली दुसऱ्या टोकाला दोन्ही बाजूंनी गुरांच्या दावणींचे ओळीने पाडलेले कप्पे. म्हणजे गुरे होती, भरपूर होती, आणि हिवाळ्यात माणसांच्या घरातच राहत होती. त्यांच्या अंगाची ऊब घराला मिळत असणार. प्लिनी खोटे बोलला असे मी म्हणणार नाही. उंचवटे, भरती आणि चिखलाचे इंधन हे त्याने अचूक टिपले. पण जे दृश्य त्याने पाहिले त्यावरून साऱ्या टोळीचा निवाडा केला. डोळ्यांनी पाहणाऱ्याचीही अशी चूक होते.

उलट बाजूचे उदाहरणही सांगितले पाहिजे. सुएबी पुरुष केस एका बाजूला वळवून त्यांची गाठ मारतात असे टॅसिटस लिहितो. १९४८ साली उत्तर जर्मनीतील ओस्टरबी येथे दलदलीतून एका पुरुषाचे शिर निघाले, ज्याच्या केसांची गाठ अशीच उजव्या कानाच्या वर बांधलेली आहे. तेव्हा ऐकीव माहितीवर लिहिणारा टॅसिटस इथे खरा ठरला. म्हणून संपूर्ण ग्रंथ विश्वासार्ह की अविश्वासार्ह असा एकच शिक्का मारता येत नाही. वाक्यागणिक तपासावे लागते.

पैनगंगातीर

ताईंचे म्हणणे मान्य. फक्त एक गोष्ट जोडतो. टॅसिटसचा ग्रंथ वाचताना तो कोणासाठी लिहीत होता हे विसरता कामा नये. जर्मन लोक चांदीची भांडी भेट मिळाली तरी त्यांना मातीच्या भांड्यांइतकेच मोल देतात. समुद्रकिनारी वाहून आलेला अंबर (झाडाचा दगडासारखा घट्ट झालेला पिवळसर डिंक) गोळा करणाऱ्या लोकांना त्याची किंमत मिळते याचे आश्चर्य वाटते. त्यांच्यात विवाहाच्या वेळी वधू नव्हे तर वर संपत्ती देतो आणि तीही बैल, लगाम घातलेला घोडा, ढाल आणि तलवार या रूपात. हे सारे लिहिताना त्याची एक नजर रोममधील श्रीमंत घरांवर आहे. जंगलातल्या लोकांचे कौतुक करून शहरातल्यांना टोमणा मारण्याची ही युक्ती आहे. त्याच वेळी फाशांच्या जुगारात हे लोक शेवटी स्वतःचे स्वातंत्र्यही पणाला लावतात असे सांगायला तो विसरत नाही, त्यामुळे तो त्यांच्या प्रेमात पडला होता असेही समजू नये. फाशांचा हा उल्लेख शनिवारी केला तर कोणालातरी द्यूतसभा आठवेलच.

आता रोमन ऱ्हाइनवरच का थांबले ते पाहू. पहिला सम्राट ऑगस्टस याच्या काळात ते तिथे थांबलेले नव्हते. इ.स.पू. १२ ते ९ मध्ये ड्रुसस हा रोमन सेनापती एल्ब नदीपर्यंत गेला. पुढे वारुस हा अधिकारी त्या मुलखात कर आणि कायदा बसवू लागला, तेव्हा इ.स. ९ मध्ये चेरुस्की टोळीच्या आर्मिनियसने त्याला ट्यूटोबर्ग अरण्यात गाठले आणि १७, १८ व १९ क्रमांकांच्या तीन पलटणी नष्ट केल्या. हा आर्मिनियस रोमन सैन्यात नोकरी केलेला, रोमन नागरिकत्व मिळवलेला माणूस होता. पराभव एवढा झोंबला की हे तीन क्रमांक पुन्हा कोणत्याही पलटणीला दिले गेले नाहीत. तिथेच रोमनांची जर्मानियाची हाव संपली.

दगडी वर्तुळ

गुरुजी, शेवटच्या वाक्याशी मी नम्रपणे असहमत आहे. इ.स. १४ ते १६ या काळात जर्मानिकस या रोमन सेनापतीने पुन्हा मोठ्या मोहिमा केल्या, १५ साली तो त्या रणभूमीवर जाऊन हाडे पुरून आला, आणि १६ साली सम्राट टायबेरियसने त्याला परत बोलावले म्हणून मोहीम थांबली. माघार हा हिशोबाचा निर्णय होता. पराभव हे त्यातील एक कारण. शिवाय २००८ मध्ये हार्झहॉर्न येथे तिसऱ्या शतकातील एक रणभूमी सापडली, तीही ऱ्हाइनपासून बरीच आत, म्हणजे दोनशे वर्षांनंतरही रोमन सैन्य तिकडे खोलवर शिरत होते.

‘ओसाड जंगल’ या प्रतिमेविरुद्ध सर्वात चांगला पुरावा वाल्डगिर्मेसचा आहे. ऱ्हाइनच्या पूर्वेस, लान नदीच्या खोऱ्यात, रोमनांनी इ.स.पू. ४ च्या सुमारास बांधायला घेतलेल्या नगराचे अवशेष तिथे मिळाले. मधोमध दगडी पायाचा चौक होता, आणि २००९ मध्ये एका विहिरीतून सोन्याचा मुलामा दिलेल्या कांस्य अश्वाचे डोके निघाले. ज्या मुलखात काहीच मिळणार नाही असे वाटते तिथे कोणी सोन्याचा घोडा उभा करत नाही. शिवाय परागकणांच्या अभ्यासातून त्या काळी बरीच जमीन जंगल तोडून लागवडीखाली आलेली दिसते.

पैनगंगातीर

दुरुस्ती स्वीकारतो. माझ्या पिढीच्या पाठ्यपुस्तकांतून ट्यूटोबर्ग एवढा मोठा झाला की पुढची सात वर्षे त्याच्या सावलीत गेली.

बोडीकाठ

गुरुजी, ताई, भाऊ, सर्वांचे आभार. माझ्या टिपणाची रचना आता बदलली आहे : प्रथम फेडरसन व्हीर्डचे घर दाखवायचे, मग प्लिनीचा उतारा वाचायचा, आणि सीमा व नाव यांच्याकडे नंतर वळायचे. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातील जाती-जमातींवर चार खंड प्रसिद्ध केले, तेही टॅसिटसच्या उत्तरार्धाप्रमाणे जमातीमागून जमात घेत जातात. त्यातील आमच्या भागाविषयीची दोन पाने सोबत ठेवून आमच्या गावातील गोंड कुटुंबांतील ज्येष्ठांनाच विचारणार आहे, की यातले काय बरोबर आणि काय चूक. चौकी लोकांना ही सोय मिळाली नव्हती.

एक शेवटची शंका. नेर्थुस नावाच्या भूमातेची कापडाने झाकलेली गाडी गाई ओढतात, ती जिथे जाईल तिथे युद्ध थांबते आणि सारे लोखंड कुलुपात जाते, असे चाळिसाव्या प्रकरणात आहे. अशी गाडी कुठे मिळाली आहे का?

पांढरे सोने

गाई जुंपतात हे वाचून मी दचकलो. आमच्याकडे गाईच्या मानेवर जू ठेवले तर गावात तोंड दाखवता येणार नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांद शेकायची ती बैलांची.

दगडी वर्तुळ

नेर्थुसची म्हणून ओळखता येईल अशी गाडी मिळालेली नाही. पण जटलंडमधील डेय्बियर्ग येथे १८८० च्या दशकात दलदलीतून कांस्याने मढवलेल्या दोन देखण्या लाकडी गाड्या निघाल्या, त्या इ.स.पू. पहिल्या शतकाच्या आसपासच्या आहेत आणि सुट्या करून जाणीवपूर्वक दलदलीत अर्पण केलेल्या दिसतात. त्या सध्या कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. भाऊंच्या शंकेपुरते सांगते, की त्या गाड्यांना गाई जुंपत की घोडे, हे जुवावरून ठरलेले नाही. गाईंचा उल्लेख फक्त टॅसिटसचा आहे. ती गाडी परत आल्यावर लपलेल्या एका तळ्यात धुतली जाते आणि धुणाऱ्या गुलामांना तेच तळे गिळते, हा त्या प्रकरणाचा शेवट शनिवारी लहान मुले बसलेली असतील तर गाळावा.

बोडीकाठ

मुले पहिल्या रांगेतच बसतात, ताई, आणि त्यांना नेमके तेवढेच ऐकायचे असते.